काळी, पांढरी आणि शरद : किल्लारीच्या पाखरांचा इतिहास

इतिहासाच्या नोंदीत तारीख असते, वार असतो, क्वचित घटका-पळेही असतात. ऋतू मात्र सहसा नसतो. त्या दिवशी बांधावर काय फुलले होते, रानात कोणती पाखरे उतरली होती, हे लिहून ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही. किल्लारीच्या भूकंपाची नोंदही अशीच आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. लातूर जिल्ह्यातील औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा-लोहारा परिसर. जमीनदोस्त झालेली ५२ गावे. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ मृत. अन्य नोंदींत हा आकडा साडेनऊ हजारांच्या पुढे जातो. दगावलेल्या जनावरांचीही मोजदाद झाली, ती १५ हजारांहून अधिक होती. गाय, बैल, म्हैस, शेळी ही मालमत्ता आहे आणि मालमत्तेची नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणून ती मोजली गेली. भिंतीतल्या चिमण्या कोणाच्याच मालकीच्या नव्हत्या. त्या मोजल्या गेल्या नाहीत.

ही तक्रार नव्हे. ढिगाऱ्याखाली माणसे असताना चिमण्या मोजायला कोणी बसत नाही आणि बसूही नये. परंतु आता तीन दशके उलटून गेल्यावर, एका गावाचे नेमके काय मोडले आणि काय शाबूत राहिले हे समजून घ्यायचे असेल, तर त्या गावाची झाडे आणि पाखरे हे एक साधन ठरू शकते. शरदाच्या उंबरठ्यावर घडलेल्या या घटनेकडे शरदाच्याच बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शरद म्हटले की साहित्याच्या वाचकाला आधी कालिदास आठवतो. ‘ऋतुसंहारा’तील शरद नववधूसारखा येतो, काशपुष्पांचे वस्त्र, कमळाचे मुख आणि नूपुरांच्या जागी हंसांचा नाद. सप्तपर्ण, शेफालिका, बंधूक ही त्याची फुले. हा शरद मोठ्या नद्यांच्या आणि सरोवरांच्या प्रदेशातला आहे. मराठी गद्यात दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने (१९५६) महिन्यामहिन्याला त्याचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व दिले आणि निसर्ग पाहण्याची एक शिस्त आपल्या भाषेत आणली. मात्र मराठवाड्याच्या पठारावरचा शरद अजूनही वाङ्मयात पुरेसा उतरलेला नाही. तिथे हंस नाहीत आणि सरोवरेही फारशी नाहीत. तिथला शरद म्हणजे माळावर पिवळाधमक फुललेला तरवड, पिकाच्या कडेने उभे राहिलेले कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, वाळायला लागलेला तरोटा, कपड्यांना चिकटणारा आघाडा, आणि वाफसा धरून ज्वारीच्या पेरणीची वाट पाहणारे काळे रान.

१९९३ साली हा ऋतू पंचांगाच्या थोडा पुढे होता. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला होता, त्यामुळे निज भाद्रपद महिनाभर पुढे सरकला. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला आली आणि अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला. महिन्याचे नाव भाद्रपद असले तरी रानाने आश्विनाची कळा धरली होती. मूग-उडदाची रास झालेली, हस्त नक्षत्र लागलेले, रबीची तयारी सुरू झालेली. विसर्जनाची मिरवणूक आटोपून गावोगाव माणसे उशिरा निजली. चतुर्दशी सरून पौर्णिमा लागली आणि पहाटे जमीन हलली. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष सुरू होणार होता.

या गावांचा निसर्ग समजून घ्यायचा तर मराठीतल्या दोन जुन्या शब्दांकडे वळावे लागते. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. हे शब्द नुसत्या रंगाचे नाहीत. काळी माती पठाराच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत खोल विंधनविवर घेतले, तेव्हा या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. त्याखाली मूळ खडक लागला. काळीचे वय असे भूशास्त्रीय आहे. पांढरीचे वय मानवी आहे. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, शेणकूट आणि गोठ्यातला गाळ यांच्यापासून ती तयार होते. घर पडले की त्याच जागी, त्याच मातीवर नवे घर उभे राहिले. म्हणून जुने गावठाण भोवतीच्या रानापेक्षा उंचावर दिसते. काळी मिळते, पांढरी माणसे मरून-जगून घडवतात.

काळीची पाखरे वेगळी आणि पांढरीची वेगळी. चंडोल, टिटवी, चाष, भोवत्या, सुगरण ही काळीची पाखरे. चिमणी, पारवा, साळुंकी, गावकावळा, पिंगळा ही पांढरीची. यांतली काही दोन्हीकडे वावरतात, पण घर कुठे बांधायचे हे प्रत्येकाचे ठरलेले असते.

पांढरीवरचे घर माळवदाचे होते. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, वर आडवी लाकडे, त्यांवर पालाकाड्यांचा थर आणि त्याच्यावर पांढऱ्या मातीचा जाड गिलावा. माळवदात उजेडासाठी ठेवलेले भोक म्हणजे सवणे. दर उन्हाळ्यात, पावसाआधी, माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर चढवायचा ही पद्धत. माती गळती थांबवते आणि उन्हाळ्यात घर थंड ठेवते. शिवाय ती फुकट मिळते. श्रावणात या धाब्यांवर गवत उगवे आणि भाद्रपदात ते गुडघ्याला लागे. दगडांच्या सांदीत, तुळयांच्या टोकाशी, सवण्याच्या कडेला चिमण्या घरटी करीत. पारवे विहिरीच्या कपारीत आणि पडक्या वाड्यांत राहात. पिंगळा एखाद्या जुन्या कडुनिंबाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या मोठ्या भोकात. अंगणात सांडलेली ज्वारी, गोठ्यातले किडे आणि भिंतीतले घर एवढ्यावर चिमणीचा संसार चाले.

पांढरीची वनस्पतीही अशीच माणसाच्या आधाराने वाढणारी होती. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींची यादी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आघाडा, धोतरा, रुई, डोरली, बोर, शमी, माका, दूर्वा, तुळस. देवदारासारखे दूरचे एखादे नाव सोडले, तर यातली बहुतेक झाडे गावाच्या कडेची आहेत. उकिरड्याजवळ, कुंपणाला, वाटेच्या वळणावर, पडक्या भिंतीवर, सांडपाण्याच्या ओलीत ती उगवतात. धर्मशास्त्राने त्यांना पत्री म्हटले. वनस्पतिशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ती पांढरीच्या सीमेवरची वनस्पतीसूची आहे. दर भाद्रपदात घरातली पोरे ही यादी हातांनी शिकत. मराठवाड्यात याच दिवसांत महालक्ष्म्या बसतात, तेव्हा बायकाही आघाडा-दूर्वा याच कडेने खुडत. गाव सोडून रानात जाण्याची गरज नव्हती. देवाला लागणारे सगळे गावाच्या अंगालाच उगवत होते.

पण आठवणीत रमताना एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. चिमणीला जागा देणाऱ्या त्याच भिंतीने माणसे मारली. गोटे-दगडांची बाहेरची आणि आतली अशा दोन पदरांची ती भिंत होती; दोन्ही पदरांना आरपार बांधणारा जोडदगड बहुधा नसे आणि मधली भर माती-कपच्यांची असे. हादरा बसताच पदर सुटले, भिंत दोन्हीकडे फुगून कोसळली आणि वरचा मातीचा डोंगर निजलेल्यांवर आला. ज्या सांदीत घरटे मावते, ती सांदी म्हणजेच भिंतीचा कमकुवतपणा. दरवर्षी प्रेमाने चढवलेला मातीचा थर म्हणजेच छपराचे घातक वजन. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती तेवढ्या कोसळल्या. हा भूकंप साधारण ६.२ ते ६.४ परिमाणाचा होता. जगात या ताकदीचे भूकंप दरवर्षी होतात, आणि त्यांतल्या बहुतेकांत इतकी माणसे मरत नाहीत. किल्लारीत मृत्यू इतके का झाले, याचे उत्तर जमिनीइतकेच घराच्या बांधणीत आहे. म्हणून जुन्या घराविषयी लिहिताना चिमणी आणि मृत्यू या दोघांनाही एकाच वाक्यात जागा द्यावी लागते.

जमिनीने आधी इशारा दिला नव्हता असे नाही. १९९२च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के बसत होते आणि त्यांतला मोठा धक्का ऑक्टोबर १९९२ मध्ये, म्हणजे आदल्या शरदात बसला. परंतु त्या वेळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग पहिल्या, सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, हा शास्त्रातला आणि शासनातलाही समज होता. पुढे २००२च्या नकाशात पहिला विभागच वगळण्यात आला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

प्रत्येक भूकंपानंतर पाखरांना आधी कळले होते अशा कथा सांगितल्या जातात. टिटवी रात्री ओरडली, पिंगळा घुमला, चिमण्या उडून गेल्या. टिटवी आणि पिंगळा यांच्या ओरडण्याला आपल्या लोकमानसात अशुभाचा अर्थ आधीपासूनच आहे, त्यामुळे अशा कथा चटकन रुजतात. पशुपक्ष्यांच्या वागण्यावरून भूकंपाचे भरवशाचे भाकीत करता येते, असे शास्त्राने अद्याप सिद्ध केलेले नाही. या कथांकडे वेगळ्या बाजूने पाहता येईल. पाखराने सांगितले होते आणि आपण ऐकले नाही, असे म्हणण्यात माणूस आपल्या दुःखाला कारण शोधत असतो. वर्षभर जमीन खरोखरच सांगत होती, आणि ते ऐकण्याची यंत्रणा नव्हती, हे सत्य त्या कथेपेक्षा अधिक बोचरे आहे.

भूकंपानंतर पाऊस आला आणि मदतकार्याला अडथळा झाला. सामुदायिक दहने झाली. पडलेल्या घरांचेच लाकूड चितांना लागले. ज्या समाजांत दफनाची रीत आहे, त्यांनी आपापल्या रीतीने माती दिली. आणि लगेच पितृपक्ष सुरू झाला. वर्षातला हा पंधरवडा कावळ्याचा असतो. एरवी हाकलला जाणारा हा पक्षी या दिवसांत पाहुणा होतो. पान वाढून त्याची वाट पाहिली जाते. ज्ञानेश्वरांच्या विराणीतला कावळा प्रिय व्यक्तीच्या येण्याचा शकुन सांगतो आणि पितृपक्षातला कावळा गेलेल्यांच्या वतीने घास घेतो. दोन्हीकडे तो इथल्या आणि तिथल्या जगांमधला निरोप्या आहे. पण पान वाढायला घर लागते, पान मांडायला माळवद किंवा अंगण लागते, आणि वाढणारा कोणी तरी मागे उरावा लागतो. १ ऑक्टोबर ते १५ ऑक्टोबर १९९३, सर्वपित्री अमावास्येपर्यंतच्या त्या पंधरवड्यात यांतले काहीच गृहीत धरता येत नव्हते.

युरोपच्या वाङ्मयेतिहासात याला एक समांतर उदाहरण आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला भूकंप झाला तो सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, माणसे चर्चमध्ये जमलेली असताना. दुसऱ्या दिवशी मृतात्म्यांचे स्मरण करायचा दिवस होता. तोही शरदच. त्या योगायोगाने व्होल्तेरला कविता लिहायला लावली, पुढे ‘कांदीद’मध्येही तो भूकंप आला, आणि ईश्वराच्या न्यायाविषयी युरोपभर वाद पेटला. आपल्याकडे गणेशविसर्जन आणि पितृपक्ष यांच्या सांध्यावर इतका मोठा आघात झाला, तरी मराठी वाङ्मयात तसा तात्त्विक वाद उभा राहिला नाही. जे लेखन झाले ते प्रामुख्याने पुनर्वसन, घरबांधणी आणि प्रशासन यांविषयीचे. लातूरचे पर्यावरण-अभ्यासक अतुल देऊळगावकर यांचे ‘डळमळले भूमंडळ’ हे त्यातले महत्त्वाचे पुस्तक. ईश्वराला जाब विचारण्याऐवजी आपण भिंतीला आणि शासनाला विचारला. कदाचित तेच अधिक उपयोगाचे होते.

पुनर्वसनाचे काम मोठे होते. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने ५२ गावे नव्या जागी वसवली. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. नकाशे सरळ रेषांचे होते, रस्ते रुंद, घरे सुटी-सुटी. नव्या गावाचा विस्तार जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट झाला. शिवाय दूरच्या सुमारे अडीच हजार गावांत जुन्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. भिंतीला जोडदगड आणि पट्टे घालण्याचे तंत्र गवंड्यांच्या हाती आले. ही सगळी कामे माणसाचा जीव वाचवण्यासाठी होती आणि ती योग्य होती.

मात्र पांढरी हलवता येत नाही. घर, शाळा, देऊळ, पार यांच्या प्रतिकृती नव्या जागी उभ्या करता येतात. वडाचे, पिंपळाचे, चिंचेचे वय उभे करता येत नाही. नवी गावे बहुतेक काळीवरच वसली. पहिल्या वर्षांत तिथे उंच झाड नव्हते, म्हणजे कावळ्याला वस्तीला जागा नव्हती. सलग गुळगुळीत भिंतीत सांदी नव्हती, म्हणजे चिमणीला घर नव्हते. उकिरडा आणि पडकी भिंत नव्हती, म्हणजे आघाडा-धोतरा नव्हता. सरळ रेषेतल्या गावाला कडा असतात, पण त्या कडांवर काही उगवायला काळ जावा लागतो. चिमणी तशी काटक. पुढे पत्र्याच्या शेडांच्या पन्हाळीत आणि विजेच्या मीटरच्या पेटीत ती शिरलीच. तीस वर्षांत लावलेली झाडेही मोठी झाली. नव्या किल्लारीला आज सावली आहे. म्हणजे नवी पांढरी तयार होऊ लागली आहे, आणि तिला लागणारा वेळ कोणत्याही प्रकल्पाच्या मुदतीत बसणारा नव्हता.

काळीवर काय झाले? भूकंपाच्या त्या ऑक्टोबरात काळीच्या पाखरांच्या क्रमात खंड पडण्याचे कारण नव्हते. मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्या, उत्तरेकडचे धोबी, गवतावरून हेलकावत जाणाऱ्या भोवत्या यांचा येण्याचा काळ हाच. पावसाळ्यानंतर चाष पुन्हा तारांवर आणि बाभळींवर दिसू लागतो. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानतात, आणि शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यपक्षी केले आहे. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची रिकामी घरटी लोंबत असतात. सालिम अलींनी १९३०च्या दशकाच्या आरंभी हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले, तेव्हा मराठवाडा त्या संस्थानाचा भाग होता. निजामी मुलखाच्या पाखरांची ती पहिली पद्धतशीर नोंद. कोरडवाहू ज्वारीच्या पठाराची पाखरे तेव्हाही साधारण हीच होती. त्या वर्षीच्या दसऱ्याला, २४ ऑक्टोबर १९९३ रोजी, या गावांचे सीमोल्लंघन आधीच होऊन गेलेले होते. शेताचा बांध मात्र जिथे होता तिथेच होता. लातूर-धाराशिव भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस साजरी होते. सगळे गाव रानात जाते, कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी आणि आंबील यांचे जेवण होते. पांढरी मोडल्यानंतरही येळवशीची जागा मोडली नव्हती. माणसाचा पत्ता बदलला, शेताचा बदलला नाही.

काळी बदलली ती नंतर, आणि गाजावाजा न करता. नव्वदीच्या दशकापासून लातूर भागात सोयाबीन पसरत गेले, खरिपाची ज्वारी जवळजवळ गेली, मूग-उडीद मागे हटले. लातूरचा बाजार सोयाबीनचा मोठा बाजार झाला. यातही शेतकऱ्याचे चुकले असे नाही. रोख पैसा देणारे आणि लवकर निघणारे पीक त्याने घेतले. पण सोयाबीनच्या शेतात पाखरे राखावी लागत नाहीत. तिथे माळा नको, गोफण नको, कारण कणसावर बसून दाणा टिपण्याची सोयच त्या पिकात नाही. ज्वारीचे कणीस हे माणूस आणि पाखरू यांच्यातले भांडण होते, आणि भांडणात ओळख असते. भोरडी, चिमणी, सुगरण, पोपट यांची नावे शेतकऱ्याच्या पोराला पाठ होती, कारण त्याला ती हाकलावी लागत. भूकंपाने पांढरीवरचे घरटे एका मिनिटाच्या आत मोडले. काळीवरचे ताट तीस वर्षांत हळूहळू उचलले गेले. पहिल्या घटनेचा स्मृतिदिन असतो. दुसरीला तारीखच नाही.

शहरातल्या उद्यानात झाडे निवडून लावलेली असतात. कोणते फूल कोणत्या वाफ्यात फुलेल हे माळी ठरवतो. ओसाड गावठाणाला माळी नसतो. मराठवाड्यात अशी ओस पांढरी कुठेही पाहावी, तिच्यावर तरवड, रुई, धोतरा, आघाडा परत येतात आणि त्यांच्यात बाहेरून आलेली वेडी बाभूळ आणि गाजरगवत मिसळतात. मोडक्या भिंतींच्या दगडांत पिंगळा राहतो. माणसाने घडवलेली पांढरी माणूस गेल्यावरही सुपीक असते. पत्रीच्या यादीतली अर्धी झाडे तिथे कोणी न खुडता वाढतात.

जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभ उभा आहे. दरवर्षी ३० सप्टेंबरला तिथे माणसे जमतात, गेलेल्यांना आदरांजली वाहिली जाते. ही सरकारी तारीख. ती पक्की आहे आणि असावी. पण गेलेल्यांची तिथी भाद्रपद पौर्णिमा आहे, आणि ती दरवर्षी सरकते. कधी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते, कधी शेवटच्या. अधिक महिना आला की पुन्हा तारखेच्या जवळ येते. २०१२ साली अधिक भाद्रपद होता, तेव्हा भाद्रपद पौर्णिमा बरोबर ३० सप्टेंबरलाच आली. तारीख मानवंदनेची, तिथी कावळ्याच्या घासाची. या दोहोंमधले काही दिवस असे असतात की गावच्या कडेला आघाडा फुललेला असतो, तरवड पिवळा झालेला असतो, नव्या गावातल्या एखाद्या गच्चीवर पान मांडलेले असते, आणि आता पुरेशा उंच झालेल्या कडुनिंबावरून कावळा खाली उतरतो.